गड ठरला, पण वाट ठरली का? ट्रेक आखताना या चुका टाळा

हरिश्चंद्रगडाला जायचं ठरलं, म्हणजे खरं तर अजून काहीच ठरलेलं नसतं. पाचनईहून निघालात तर चालायची थोडी सवय असलेला माणूस अडीच-तीन तासांत मंदिरापाशी पोहोचतो. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे गेलात तर चार-पाच तास धरा. खिंडीनंतर रेलिंग लावलेला कातळटप्पा लागतो, पुढे एकामागून एक टेकड्या, आणि धुकं असेल तर त्या सगळ्या सारख्याच दिसतात. बेलपाड्याहून नळीच्या वाटेला लागलात तर हजार मीटरहून जास्त चढ, पायाखाली सुटे दगड, आणि मध्ये दोर लावावा लागतो असे टप्पे. गड एकच आहे. तरी निरोप फिरतो तो ‘हरिश्चंद्रगड, मध्यम’ असा.

सोपी, मध्यम, अवघड ही श्रेणी गडाला नसते, वाटेला असते. राजगडावर पाली दरवाजाची वाट रुंद, पायऱ्यांची. गुंजवण्याहून चोर दरवाजाने चढलात तर शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा, रेलिंग धरून जायचा. खांडसहून भीमाशंकरला गणेश घाट लांबचा पण सोपा, शिडी घाट जवळचा पण उभा आणि पावसात निसरडा. म्हणून ट्रेक ठरवताना चार गोष्टी एका ओळीत लिहून काढा: कुठल्या गावातून चढायचं, कुठल्या वाटेने, कुठल्या वाटेने उतरायचं आणि कुठल्या गावात. ही ओळ पुरी करता आली नाही, तर ट्रेक अजून ठरलेला नाही.

किलोमीटर मोजले, चढ सोडून दिला

‘फक्त सहा किलोमीटर’ हे वाक्य घात करतं. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला हिशेब आजही कामाचा आहे: दर ५ किलोमीटरला १ तास, आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. कळसूबाई १६४६ मीटर उंच. बारी गावातून चढ साधारण ९०० मीटर. चाल ६ किलोमीटर धरली तर चालीचे सव्वा तास आणि चढाचे दीड तास, म्हणजे पावणेतीन तास. हा झाला सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा वेळ. मिश्र गटासाठी त्याची दीडपट करा: चार तास. उतरायला तीन. सात तास झाले. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सकाळी अकराला पायथ्याशी नाश्ता करत बसलात तर उतरताना वाटेतल्या लोखंडी शिड्या अंधारात येणार, हे गणित घरबसल्या दिसतं.

चढ मोजताना फक्त पायथा आणि माथा यांची वजाबाकी करू नका. धारेवरून जाणाऱ्या वाटेत शंभर मीटर उतरून पुन्हा शंभर मीटर चढावं लागतं, आणि ते वजाबाकीत दिसत नाही. शिवाय गट सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने पुढे सरकतो. आणि कातळटप्पा! दोर लावून एकेकाला चढवायला सहा मिनिटं लागली तरी वीस जणांना दोन तास लागतात. मदनगड किंवा अलंगसारख्या दोर लागणाऱ्या गडांवर मोठा गट नेणारे हे दोन तास हिशेबात धरत नाहीत आणि मग बॅटरीच्या उजेडात दोर आवरत बसतात.

नकाशावर कडा दिसतो, पण बघायचा कोणी?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटर उंचीचा फरक. आता ठरवलेल्या वाटेवर पट्टी ठेवा. २ मिलिमीटरमध्ये पाच रेषा ओलांडाव्या लागत असतील, तर १०० मीटर जाताना १०० मीटर चढायचं आहे: ४५ अंश. तिथे वाट असली तर वळणावळणाची किंवा पायऱ्यांची असणार. तशी माहिती कुठेच मिळत नसेल तर तो उतार आपला नव्हे. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा समजा.

सह्याद्रीत हे जास्त महत्त्वाचं, कारण इथला डोंगर लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनला आहे. आडवं पठार, मग उभा कडा, पुन्हा पदर (कड्याखालची सपाटी), पुन्हा कडा. त्यामुळे डोंगर कुठूनही चढता येत नाही. कडा फुटलेला असतो तिथूनच वाट जाते: डोंगराच्या उतरत्या सोंडेवरून, खिंडीतून, नाहीतर नाळेतून, म्हणजे कड्यातल्या उभ्या अरुंद घळीतून. नकाशावर आधी ती फट शोधा, मग वाट आखा.

दुसऱ्याचा ट्रॅक डोळे मिटून घेणं

मोबाइलमधल्या अॅपवर जीपीएस ट्रॅक, म्हणजे आधी कोणी चाललेल्या वाटेची नकाशावरची रेषा, सहज मिळतो. तो कोणी, कुठल्या महिन्यात, चढताना की उतरताना नोंदवला, हे बघितल्याशिवाय उतरवून घेऊ नका. ट्रॅक मोठा करून पाहा. एखाद्या ठिकाणी रेषेचा गुंता झाला असेल, दोनशे मीटर पुढे जाऊन ती परत आली असेल, तर तो माणूस तिथे चुकला होता. तुम्हीही नेमके तिथेच चुकाल. रेषा मध्येच पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली असेल, तर तिथे सिग्नल गेला होता आणि अॅपने दोन बिंदू नुसते जोडले आहेत. अशी सरळ रेघ कड्यावरूनही जाते. किमान तीन ट्रॅक एकावर एक ठेवून बघा, जुळतो तेवढाच भाग विश्वासाचा. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा आणि त्याचा कागदी प्रिंट सॅकमध्ये असू द्या.

यापेक्षाही भरवशाचा पायथ्याच्या गावातला माणूस. पण त्याला “ही वाट वर जाते का?” असं विचारू नका, ‘हो’ असंच उत्तर येईल. “वर जायला कुठून जाता? मध्ये पाणी कुठे आहे? पावसानंतर या वाटेने कोणी गेलंय का?” असं विचारा. अवघड वाटेला त्याला योग्य बिदागी देऊन सोबत घ्या.

वाट तीच, महिना वेगळा

जूनमध्ये वाहत्या ओढ्यातली वाट म्हणजे सापळा. सांदण दरीसारख्या घळीत पावसाळ्यात जायचंच नाही. वर पडलेला पाऊस खाली लोंढा होऊन येतो आणि दोन्ही बाजूंना भिंती असल्यामुळे बाहेर पडायला जागा नसते. ओढा ओलांडायची वेळ आली आणि पाणी गुडघ्याच्या वर, जोरात वाहणारं असेल, तर थांबा किंवा परत फिरा. सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी अडवतो, म्हणून पावसाळ्यात अशा वाटा निवडा ज्यांच्यात परतीला ओढा आडवा येत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत कमरेला आणि कारवी डोक्याला लागते, मळलेली वाटही त्यात हरवते. मार्च ते मे घसाऱ्याचे महिने: मुरुम सुटा होतो, आणि अनेक गडांवरची टाकी आटतात किंवा पाणी पिण्यालायक राहत नाही. एका दिवसाला माणशी ४ लिटर पाणी पायथ्यापासून न्यायचं धरूनच वाट निवडा. तेवढं वजन घेऊन झेपत नसेल तर छोटी वाट घ्या. कड्यांवर आग्या मोहोळ असतं तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा पूर्ण बंद.

चढलो म्हणजे उतरूच, हा भ्रम

कातळावर चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना ती पायाखाली, न दिसणारी. नाळेत मागच्याने सोडलेला दगड पुढच्याच्या डोक्यावर येतो. शक्य असेल तिथे अवघड वाटेने चढा आणि सोप्या वाटेने उतरा, पण उतरायची वाट आधी कोणीतरी पाहिलेली हवी. परत फिरायची वेळ पायथ्याशीच ठरवा, उदाहरणार्थ दुपारी एक. माथा वीस मिनिटांवर असला तरी एकला फिरायचं.

अंधारबनसारखी वाट पिंपरीहून निघून भिऱ्याला, म्हणजे पुणे जिल्ह्यातून रायगड जिल्ह्यात उतरते. गाडी पिंपरीत आणि माणसं भिऱ्यात, हा घोळ टाळायला शेवटची एसटी किंवा परतीची जीप आधीच नक्की करा.

शहरातल्या टेकड्यांना कमी लेखणं

पुण्याची वेताळ टेकडी सरावाला उत्तम, पण नुसती एकदा चढून नव्हे. ८ किलो वजन घेऊन सलग तीन तास चढउतार जमला, की कळसूबाईचा विचार करा. तिथल्या जुन्या खाणीच्या कडेने अंधारात फिरू नका. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला बाग समजू नका. ते बिबट्यांचं जंगल आहे, सोमवारी बंद असतं, आणि आतल्या शिलोंड्यासारख्या वाटांना परवानगी व वाटाड्या लागतो. पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने, कानात गाणी लावून जाणं धोक्याचं.

तरीही वाट चुकली तर

बहुतेकदा फसवते ती ढोरवाट, म्हणजे गुरांच्या येण्याजाण्याने पडलेली वाट. ती रुंद, मळलेली असते, आडवी आडवी जाते, फाटे फुटत जातात आणि पाण्यापाशी किंवा गवतात संपते. दहा मिनिटांत वाट उंची घेत नसेल, पावलांच्या खुणा गुरांच्याच असतील, तर थांबा. सगळ्यांना एकत्र करा आणि जिथे वाटेबद्दल खात्री होती त्या शेवटच्या जागेपर्यंत मागे जा. ‘पुढे कुठेतरी लागेलच’ म्हणत रेटू नका.

ओढ्याच्या पात्राने खाली उतरू नका. गाव दिसतं, पाणी त्याच दिशेने जातं, म्हणून मोह होतो; पण थरांच्या डोंगरात ओढा कड्यावरून धबधब्यासारखा पडतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत घसरत उतरलेला टप्पा परत चढता येत नाही. अंधार पडू लागला तर सपाट, कड्यापासून लांबची जागा धरून तिथेच बसा. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लागला तर गडाचं नाव सांगून थांबू नका: कुठल्या गावातून चढलात, किती वाजता, शेवटची ओळखीची खूण कुठली, किती माणसं, कोणाला काय लागलंय, आणि मोबाइलमधले अक्षांश-रेखांश. मग एक फोन चालू ठेवून बाकीचे बंद करा.