पोरांना रानात खजिना शोधायला नेताय? मग आधी ही तयारी करा

पहिलं काम तारीख ठरवायचं. सोलापुरात हा चिठ्ठ्यांवरून खजिना शोधायचा खेळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फार तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, त्यानंतर सकाळी नवालाच ऊन डोक्यावर येतं आणि एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 वर गेलेला असताना पोरांना माळावर नेणं बरोबर नाही, कुणी कितीही म्हणू दे की आत्ताच तर सुट्टी आहे. दिवाळीनंतरचे रविवार सगळ्यात चांगले. संक्रांतीचा आठवडा सोडा, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत पोरांचं मन पाळण्यात अडकलेलं असतं. वेळ सकाळी सातची द्या, म्हणजे साडेसातला सगळे जमतात, आणि साडेदहाला खेळ संपलाच पाहिजे असं आधीच ठरवून टाका.

मग जागा. आमच्या जुळे सोलापूरच्या सोसायटीतली सात ते बारा वयाची नऊ-दहा पोरं घेऊन मी जाते, त्यावरून सांगते. सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओळखीच्या कुणाचं तरी शेत. बांध असतो, विहीर लांबून दाखवता येते, बाभळी असतात, ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, आणि कुठं काय बांधलं म्हणून कुणी ओरडत नाही. मालकाला आधी विचारा, आणि ज्वारीत कुणी शिरणार नाही हा शब्द द्या आणि पाळा. शेत नसेल तर विजापूर रोडचं सिद्धेश्वर वनविहार, तिथं गेटवर आधी जाऊन वेळ आणि परवानगी विचारून घ्या. कंबर तलावाकाठी पक्षी बघायला छान, पण पाण्याजवळ शोधाशोधीचा खेळ नको, पोरं धावताना खाली बघत नाहीत. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, 1979 सालचं, काळवीट बघायला जरूर न्या पण तिथं रीतसर परवानगी घेऊन, गप्प राहून, लांबून दुर्बिणीनं बघायचं. चिठ्ठ्या-बिठ्ठ्या तिथं अजिबात नकोत, ते घर त्या जनावरांचं आहे. भुईकोट किल्ल्यातही भिंतीच्या फटीत काही खुपसू नका. बुरूज मोजा, दगडावरचं कोरीवकाम शोधा, एवढा खेळ तिथं पुरतो.

आणि यातलं काहीच जमत नसेल तर सोसायटीमागचा मोकळा प्लॉटसुद्धा चालतो, खरंच चालतो, टाकळा, आघाडा, गोखरू, रुई सगळं तिथंच उगवलेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक दिवस आधी स्वतः जाऊन या. एकटं जा, निदान दोन तास द्या, आणि पोरांना ज्या वेळेला नेणार त्याच वेळेला जा. बाकी यादीतली एखादी गोष्ट राहिली तरी निभावतं, हे राहिलं तर नाही.

हे मी का सांगतेय ते ऐका. पहिल्या वेळी मी घरी बसून बारा चिठ्ठ्या लिहिल्या, सकाळी लवकर जाऊन घाईघाईत लपवल्या, काही दगडाखाली, काही झाडाच्या ढोलीत, शेवटी डब्यात चॉकलेटं. पोरं नुसती धावली. एका चिठ्ठीवरून दुसऱ्या चिठ्ठीवर, वीस मिनिटांत बाराच्या बारा सापडल्या, चॉकलेटच्या डब्यात मुंग्या, आणि वरच्या मजल्यावरची पोरगी मला विचारते, मावशी आता काय करायचं? कुणी एक झाड बघितलं नव्हतं. आणि त्यातच माझ्या धाकट्यानं, चिठ्ठी नसलेला, शेजारचाच एक दगड उचलला, तर खाली लाल विंचू, नांगी वर करून. काही झालं नाही, तो मागे सरकला, पण माझे पाय थरथरत होते. त्याला दगडाखाली हात घालायला मीच शिकवलं होतं की, चिठ्ठ्या तिथं ठेवून.

तेव्हापासून माझा नियम असा की चिठ्ठी कधीच दगडाखाली, बिळाजवळ, ढोलीत, पाल्याच्या ढिगात नाही. पोराच्या डोळ्याच्या उंचीवर, फांदीला रंगीत सुती दोऱ्यानं बांधायची, नजरेनं शोधायची, हातानं चाचपून नाही. आणि चिठ्ठ्या बारा नाही, आठ. मधे चालायला, थांबायला, भांडायला वेळ पाहिजे.

आदल्या दिवशी गेलात की काय करायचं तर वही घेऊन फिरायचं आणि तिथं खरोखर काय आहे ते लिहायचं, म्हणजे चिठ्ठीतला प्रश्न त्या जागेतून निघतो. मागच्या वेळी हिप्परग्याकडच्या शेतात मला बाभळीखाली सुगरणीचं एक घरटं पडलेलं दिसलं. उचलून आत बघितलं तर गवताच्या विणीत ओल्या मातीचे वाळलेले गोळे चिकटवलेले, बोटानं खरवडून निघेनात एवढे घट्ट. मी ते तिथंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठीत लिहिलं, ज्याच्या घराचं दार खाली असतं त्याचं घर शोधा आणि आत गवताशिवाय दुसरं काय आहे ते सांगा. पंधरा मिनिटं पोरं त्या एका घरट्याभोवती बसली होती, आणि एकानं बरोबर विचारलं की माती कशाला, तर दुसरी म्हणाली वाऱ्यानं हलू नये म्हणून असेल. मी उत्तर दिलं नाही, त्यांना बोलू दिलं. नंतर घरटं जिथल्या तिथं ठेवलं. पक्ष्यांची घरटी, अंडी घरी आणायची नाहीत, हे निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

आणखी एक हमखास सापडणारा खजिना म्हणजे मुंगीसिंहाचे खड्डे. शेतातल्या पत्र्याच्या शेडच्या कडेला, जिथं पाऊस पडत नाही अशा भुसभुशीत मातीत, नरसाळ्यासारखे छोटे छोटे खड्डे असतात, रुपयाच्या नाण्याएवढे, एकाला एक लागून. गवताच्या काडीनं काठावरची माती हळूच पाडली की तळातून किडा डोक्यानं वाळू वर उडवतो, कारण त्याला वाटतं मुंगी पडली. हा किडा चालतो उलटा, आणि पुढं मोठा झाला की त्याला चतुरासारखे पंख येतात. पोटावर झोपून बघावं लागतं. कपडे मळतात, मळू द्या, आधीच आयांना मेसेज टाका की जुने कपडे घाला.

चिठ्ठ्या लिहिताना कोडं सोपं ठेवा पण उत्तर बघितल्याशिवाय मिळू नये असं ठेवा. बाभळीसाठी मी लिहिलेलं, काटे पांढरे फुलं पिवळी, शेळी माझ्या शेंगा गिळी. तिथं गेल्यावर खोडावरचा डिंक शोधायचा, वास घ्यायचा, तोडायचा नाही. एखादी चिठ्ठी कानाची ठेवा, डोळे मिटून दोन मिनिटं बसा आणि किती वेगळे आवाज आले ते बोटांवर मोजा. माळावर टिटवी ओरडतेच, होला घुमतो, तारेवर वेडा राघू असतो. दोन मिनिटं मात्र घड्याळ लावून, नाहीतर पोरं दहा सेकंदांत उठतात.

आणि एक गृहपाठ दोन दिवस आधी द्या, हा आपल्या सोलापुरातच जमतो. आमच्या गटात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही घरची पोरं आहेत. प्रत्येकानं आजीला विचारून यायचं की कडुलिंबाला, चिंचेला घरी काय म्हणतात. कडुलिंबाला तेलुगूत वेपा, कन्नडमध्ये बेवु. चिंचेला तेलुगूत चिंता, कन्नडमध्ये हुणसे. मग झाडाखाली चिठ्ठी तेव्हाच उघडायची जेव्हा तीन भाषांत नाव सांगता येईल. पूर्व भागातून, म्हणजे तेलुगू वस्तीतून, येणारा एक मुलगा एरवी गप्प असतो, त्या दिवशी सगळे त्याच्या मागं की पुढचं नाव सांग.

चार-पाच वर्षांची बारकी पोरं असतील तर त्यांना चिठ्ठ्या नकोत. अंड्याच्या ट्रेचा बारा खळग्यांचा तुकडा कापा, प्रत्येक खळग्यात वेगळा रंग द्या, खाली पडलेलं तेवढंच उचलून त्या रंगात ठेवायचं. एवढ्यात ती तासभर रमतात.

अकरा-बाराच्या पोरांना मोबाईल हवाच असतो, तर तोही कामाला लावा. जगभर जो जिओकॅशिंगचा खेळ चालतो तो असाच सुरू झाला. 2000 सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, सामान्य माणसालाही नेमकी जागा कळायला लागली, आणि लगेच 3 मे ला ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं रानात एक बादली लपवून तिची जागा इंटरनेटवर टाकली, आत वही आणि पेन्सिल, काही घ्या काही ठेवा. आपणही तेच करायचं, शेवटच्या डब्याची जागा नकाशावर पिन करून द्यायची. फोन मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटरपर्यंत आणतो, झाडाखाली जास्तच चुकतो, म्हणजे शेवटचं अंतर डोळ्यांनीच शोधावं लागतं आणि तेच पाहिजे. नकाशा घरीच वायफायवर डाउनलोड करून घ्या, शेतात रेंज जाते.

डब्यात खाऊ नको. बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्यात एक वही, दोन पेन्सिली, पेन नको कारण दवानं अक्षर फुटतं. प्रत्येकानं नाव, तारीख आणि आज पहिल्यांदा काय बघितलं ते एका ओळीत लिहायचं. शिवाय प्रत्येकानं घरून एक छोटी वस्तू आणायची, मणी, बटण, गोटी, आणि डब्यातली दुसऱ्याची घ्यायची. आमच्या डब्यात जुन्या सोलापुरी चादरीचे तुकडे शिवून केलेल्या छोट्या पिशव्या असतात, त्यात सापडलेल्या बिया, पिसं, शेंगा ठेवायच्या. तीच वही दरवर्षी, मागच्या वर्षीचं स्वतःचं अक्षर वाचायला पोरांना फार आवडतं.

सामानाचं पटकन सांगते. माणशी एक लिटर पाणी आणि वर पाच लिटरचा एक कॅन. टोपी, फुल पॅंट, बूट, कारण बाभळीचा काटा चपलेतून आरपार येतो आणि गोखरू तर सगळीकडं. चिमटा आणि सुई काट्यासाठी, बॅंडेज, अँटिसेप्टिक, ओआरएसची पाकिटं. शिट्टी प्रत्येक जोडीला एक, तीनदा वाजली की सगळ्यांनी जिथं आहे तिथून परत. भिंग दोन तरी घ्या, एकावर मारामारी होते. बसायला जुनी चादर, कचऱ्याला पिशवी. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, खराब होत नाही, सांडत नाही, सोबत गूळ आणि पेरू. शेतमालकाकडं हुरडा असेल तर मग काय, पण आगटी पेटली की पोरांजवळ एक माणूस कायम.

मोठी माणसं पाच पोरांमागं एक, आणि पोरं जोडीजोडीनं, एकटं कुणीच नाही. निघण्याआधी चार झाडं हातात न देता फोटोवर दाखवा. धोतरा, एरंड, कण्हेर आणि गुंज, यांचं बी तोंडात घालायचं नाही. रुईचा चीक डोळ्याला लागू द्यायचा नाही. खाजकुयलीची शेंग दिसली तर लांबूनच. साप दिसला तर जागेवर थांबून हळूहळू मागं यायचं, मारायला कुणी जायचं नाही. चावलाच तर घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, पोराला चालू द्यायचं नाही, 108 ला फोन किंवा गाडीत घालून सरळ सिव्हिल. विंचवालाही तेच, वाट बघत बसायचं नाही. हे सगळ्या मोठ्यांनी आदल्या रात्री वाचलंय का ते ग्रुपवर विचारून घ्या, नुसता अंगठा नको, उत्तर मागा.

वाटेवरच्या खुणा स्काउटच्या वापरा, खर्च शून्य. दगडांचा बाण म्हणजे इकडे, काट्यांची फुली म्हणजे हा रस्ता नाही, आणि गोल काढून मधे ठिपका म्हणजे मी घरी गेलो. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन पॉवेल यांच्या केनियातल्या थडग्यावर हीच शेवटची खूण कोरलेली आहे, हे सांगितलं की पोरं ती खूण विसरत नाहीत. डबा जिथं असेल तिथं हीच काढा.

परत निघताना दोरे मोजा. आठ बांधले होते तर आठच सुटून हातात आले पाहिजेत, दोऱ्यात पक्ष्याचा पाय अडकतो. मागच्या वेळी सात निघाले. माझा धाकटा आणि तो पूर्व भागातला मुलगा न सांगता परत पळाले आणि विहिरीकडच्या चिंचेवरून आठवा काढून आणला. शिट्टी गळ्यात होती, जोडीनं गेले होते, म्हणून मी रागावले नाही, फक्त पुढच्या वेळेसाठी यादीत लिहून ठेवलं की दोरे मोजायचं काम त्या दोघांचं.