गच्चीवर सोलर बसवताय? मग या चुका टाळा

पॅनल कुठल्या कंपनीचं घ्यायचं यावर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर वाद चालतात, पण गच्चीवर सावली कुठे पडते हे बघायला कोणी वर जात नाही. खरं सांगायचं तर आजकाल बऱ्यापैकी नाव असलेलं कुठलंही पॅनल ठीक चालतं. घोळ होतो तो बसवण्यात.

सगळ्यात मोठी चूक सावलीची. व्हेंडर एप्रिल-मे मध्ये सर्व्हेला येतो, दुपारी बारा-साडेबाराला गच्ची बघतो आणि म्हणतो "सावलीचा काही प्रॉब्लेम नाही साहेब." अहो, मे च्या मध्याला तर पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, तेव्हा सावली दिसणार कुठून! डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली उतरतो आणि टाकीचा माथा गच्चीपासून १० फूट वर असेल तर भर दुपारीसुद्धा ९ फुटांच्या आसपास सावली उत्तरेकडे पडते, सकाळी नऊला तर २० फुटांच्याही पुढे जाते. आणि पॅनल एकमेकांना सिरीजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे एकाच्या कोपऱ्यावर सावली आली तरी फटका फक्त त्या कोपऱ्यापुरता राहत नाही. म्हणून पॅनल टाकीच्या, जिन्याच्या खोलीच्या दक्षिणेला घ्या, तोंड दक्षिणेकडे, कल साधारण १८-२० अंश. आणि शेजारच्या प्लॉटवर बिल्डिंग उठणार आहे का तेही विचारून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे स्लॅबला भोकं पाडणं. ड्रिल मारून अँकर ठोकले की काम पटकन होतं, पण वॉटरप्रूफिंग फुटतं आणि जुलैत वरच्या मजल्यावरचे काका छताला आलेली ओल दाखवायला सेक्रेटरीच्या दारात. त्यापेक्षा काँक्रीटचे ब्लॉक ओतून त्यावर स्ट्रक्चर उभं करा, फक्त स्लॅबला वजन झेपतं का आणि वाऱ्याच्या जोराला ते ब्लॉक पुरतील का हे इंजिनिअरकडून तपासून घ्या, उंच स्ट्रक्चर असेल तर नक्कीच. गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) पाइप जागेवर वेल्डिंग करू देऊ नका, वेल्डिंगच्या जागी कोटिंग जळतं आणि तिथूनच गंज धरतो, कोकणात तर लगेच. नटबोल्टचंच स्ट्रक्चर मागा.

अर्थिंगमध्ये पैसे वाचवणारे पण खूप आहेत. पॅनल-स्ट्रक्चरचं, इन्व्हर्टरच्या (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र) एसी बाजूचं आणि लायटनिंग अरेस्टरचं (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा दांडा) असे ३ वेगळे खड्डे लागतात, एकातच सगळं उरकलेलं असेल तर पेमेंट थांबवा.

सबसिडीचं बघाल तर पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी ३ किलोवॅट आणि त्यापुढे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात, सोसायटीच्या कॉमन कनेक्शनला (लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे) किलोवॅटमागे १८,०००. पण त्यासाठी पॅनल डीसीआर, म्हणजे सेलसकट भारतात बनलेलं लागतं. एखादं कोटेशन फारच स्वस्त दिसलं तर आधी हे विचारा. आणि साइज मोठी घेऊन महावितरणला वीज विकून कमाई करू असं कोणी सांगत असेल तर सोडून द्या, ३१ मार्चला उरलेले युनिट स्वस्तात जातात. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा आणि वर्षाची सरासरी धरून दिवसाला ४ युनिट, एवढा हिशोब आणि १२ महिन्यांची बिलं हातात घेऊन बसा.

नेट मीटर (घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) लागायच्या आधी "जरा चालू करून बघू" हा मोह आवरा, साधे बरेच डिजिटल मीटर बाहेर जाणारी वीज पण वापर म्हणूनच मोजतात, मग बिल वाढून येतं.

आता बसवल्यावरच्या तक्रारी. लाइट गेली की सोलरही बंद, हा बिघाड नाहीये, ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला, बॅटरी नसलेला) इन्व्हर्टर लाइनमनला शॉक बसू नये म्हणून मुद्दामच बंद होतो. लोडशेडिंगसाठी हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, खर्च वाढतो. मे मध्ये कडक ऊन असूनही युनिट कमी, तर पॅनल तापलं की २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, आणि त्यात धूळ. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका आणि बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. कबुतरांचं मात्र काही सांगू नका, जाळी लावली तरी जागा शोधतात.

आणि भर दुपारी इन्व्हर्टर सारखा ट्रिप होत असेल तर स्क्रीनवर ग्रिड ओव्हरव्होल्टेज (लाइनचं व्होल्टेज मर्यादेबाहेर चढलंय) असं येतंय का बघा. बऱ्याचदा गच्चीवरून मीटरपर्यंत आणलेली एसी केबल बारीक असते, व्होल्टेज तिथेच चढतं. ट्रिप होताना इन्व्हर्टरपाशी आणि मीटरपाशी दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. इन्व्हर्टरपाशी बरंच जास्त भरलं तर केबल व्हेंडरने बदलून द्यायची, दोन्हीकडे सारखंच चढलेलं असेल तर रीडिंगचे फोटो वेळेसकट जोडून महावितरणकडे तक्रार टाका.