नाक लाल, पण फेणी नाही

फोंड्यात माझं भाजी-पावाचं हॉटेल आहे. पहाटे पाचपासून कढईसमोर उभा असतो. नाक आणि गाल लाल दिसायला लागले तशी रोजची गिऱ्हाइकं डोळे मिचकावून विचारायची, ‘काय भाई, रात्री जास्त झाली?’ मी फेणीला शिवतही नाही, पण सांगून पटतंय कोणाला!

आधी फार्मसीतून सहज विचारून एक ट्यूब आणली. आठवड्यात तोंड नितळ झालं. बंद केली आणि दुप्पट भडकलं. तिच्यात स्टेरॉइड होतं. तुमच्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं काही छापलेलं असेल तर ती लगेच त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांनी निदान केलं रोझेशियाचं, म्हणजे तोंडावर लाली आणि पुटकुळ्या आणणाऱ्या त्वचेच्या आजाराचं, आणि लिहून दिलं मेट्रोनिडॅझोल जेल, ०.७५ टक्के, सकाळ-संध्याकाळ. जुलाबाच्या गोळीत असतं तेच औषध. इथे मात्र जंतू मारण्यापेक्षा सूज उतरवण्याचं काम जास्त करतं.

लावायची रीत अशी. कोमट पाण्याने, सौम्य फेसवॉशने तोंड धुवा. पंचाने घासू नका, नुसतं टिपा. मी दहा-पंधरा मिनिटं थांबतो, ओल्या कातडीवर जेल चुरचुरतं. मग वाटाण्याएवढं जेल बोटावर घ्या आणि कपाळ, नाक, दोन्ही गाल, हनुवटी असे पाच ठिपके देऊन पातळ पसरा. फक्त पुटकुळीवर नाही, लाल होणाऱ्या सगळ्या भागावर. डोळ्यांपासून लांब. जेल सुकलं की मॉइश्चरायझर, आणि दिवसा वर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. जाड थर लावून लवकर गुण येत नाही, ट्यूब तेवढी लवकर संपते.

पुटकुळ्या यानं बसतात. बारीक लाल शिरा आणि उन्हात किंवा आचेजवळ येणारी लाली यानं फारशी हटत नाही. म्हणून कढई आता पुतण्याकडे दिलीय, चहा निववून पितो, आणि मिरची भजी विकतो पण खात नाही. डोळे चुरचुरत असतील, वाळू गेल्यासारखं वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. हा आजार डोळ्यांतही उतरतो.

पहिल्याच दिवशी खिडकीजवळ उभं राहून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघून फरक कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात मी ट्यूब फेकणारच होतो. आठव्या आठवड्यात त्याच खिडकीत दुसरा फोटो काढला, तेव्हा गालावरच्या पुटकुळ्या मोजायला दोनच उरल्या होत्या.