विमेरात नव्याने येणाऱ्यांसाठी: घर, फूटी आणि घटस्फोटाची नक्कल

गेल्या वर्षभरात आपल्याकडच्या तीन जणी या भागात कामाला आल्या. एक घटस्फोटित, एक विधवा, एक लग्नच न केलेली. भाडं, गाडी, बँक सगळं विचारून झालं आणि निघताना दारात चपला घालता घालता तिघींनीही विचारलं, "ताई, इथे कुणी भेटतं का हो?" तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहूनच टाकते.

मी 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या विमेरा भागात नर्स म्हणून आले. मेलबर्न इथून साडेतीनशेक किलोमीटर. होर्शम हे जवळचं मोठं गाव, आणि मोठं म्हणजे वीस हजारांच्या आतलं. आमचं गाव त्याहून कितीतरी लहान: बेकरी, पब, ओव्हल म्हणजे खेळाचं मैदान, आणि धान्याचे सायलो. तेव्हा मी बेचाळीसची होते आणि एक लग्न मागे टाकून आले होते.

घर कामाच्या ठिकाणीच विचारून शोधा, जाहिरात येईपर्यंत ते गेलेलं असतं. गाडी लागतेच. दिवेलागणीला हायवेवर हळू चालवा, कांगारू आडवे येतात. आणि घटस्फोट झालेला असेल तर कोर्टाची सही-शिक्क्याची नक्कल बॅगेत टाका. का ते पुढे सांगते, पण आधी नक्कल टाका.

आपल्या लोकांबद्दल थोडं कडू बोलते. 491 व्हिसावर, म्हणजे मोठ्या शहरांबाहेर राहायच्या अटीच्या तात्पुरत्या व्हिसावर, आलेली बरीच मंडळी इथे राहत नाहीत, इथे दिवस मोजतात. अशा प्रादेशिक भागात तीन वर्षं काढायची, आयकराचे कागद जमवायचे, 191 हा कायमचा व्हिसा घ्यायचा आणि शहर गाठायचं. शुक्रवारी शिफ्ट संपली की गाडी मेलबर्नकडे, रविवारी रात्री परत. गणपती तिकडे, वाढदिवस तिकडे, मैत्रिणी तिकडे. मग म्हणायचं, "इथले लोक मिसळत नाहीत." अहो, शनिवारी तुम्ही गावात होतात कधी? मीही पहिलं दीड वर्ष हेच केलं. मंडळातल्या एका काकूंनी माझ्यासाठी दोन स्थळंही आणली. दोघांनाही बायकोपेक्षा आईला सांभाळणारी नर्स हवी होती.

शनिवारचं महत्त्व कळलं ते फूटीमुळे, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमुळे. एप्रिल ते ऑगस्ट अख्खं गाव ओव्हलवर असतं. मुलगे फूटी खेळतात, मुली त्याच आवारात नेटबॉल, आणि लोक गाड्या मैदानाकडे तोंड करून कडेने उभ्या करतात. गोल झाला की सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी गाडी अडकली आहे. मला खेळातलं काही कळत नव्हतं, अजूनही फार कळत नाही. मी कॅन्टीनमध्ये उभी राहिले, दर शनिवारी, त्याच जागी, सॉसच्या बाटल्या पुसत. बस, एवढंच केलं. तिसऱ्या महिन्यात लोक मला नावाने हाक मारू लागले. डेटिंगच्या ॲपवर शंभर किलोमीटरच्या आत मला अकरा पुरुष दिसले होते, त्यांतल्या दोघांच्या आया माझ्याच वॉर्डात होत्या. इथे ॲपच्या नादी लागू नका. फायर ब्रिगेड, बाग, चर्चची विक्री, काहीही धरा, पण तेच काम दर आठवड्याला करा.

तो असाच कॅन्टीनच्या खिडकीपाशी भेटला. शेतकरी, गहू आणि मसूर. विमेरात मसूर आणि हरभरा भरपूर होतो आणि आपल्याकडच्या बाजारावर सगळ्यांचं लक्ष असतं. डिसेंबर 2017 मध्ये भारताने दोन्हींवर 30 टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा पबमधले लोक माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू कागदावर सही मीच केली. हा मात्र म्हणाला, "मी एवढी वर्षं हे पिकवतोय, पण तुम्ही याचं करता काय?" त्याने जन्मात आमटी खाल्ली नव्हती.

आपल्याला बोलणी लागतात. इथे बोलणीच होत नाहीत. तो कुंपण दुरुस्त करून द्यायचा, लाकडं टाकून जायचा, आठ महिने. शेवटी मीच विचारलं, हे नेमकं काय चाललंय? तर म्हणे, "मला वाटलं तुला ठाऊक आहे." गावाला माझ्या आधी ठाऊक होतं. तुमची गाडी रात्री कुठे उभी होती हे सकाळी बेकरीत कळतं. म्हणून आपलं जुनं लग्न लपवू नका, पहिल्या पंधरा दिवसांत स्वतःच सांगून टाका. मी सांगितलं नाही, तर दोन वेगवेगळ्या कथा गावभर फिरल्या. एकीत माझा नवरा वारला होता.

"थोडे दिवस एकत्र राहून बघू" हे वाक्य इथे हलकं नाही. साधारण दोन वर्षं जोडप्यासारखं राहिलात, मूल असेल तर त्याआधीही, की मोडल्यावर मालमत्तेत वाटा मागता येतो, तुम्हालाही आणि त्यालाही. मारहाण, धाक असेल तर व्हिसाच्या भीतीने गप्प बसू नका. 1800 737 732 वर चोवीस तास माणूस बोलतं, दुभाषाही मिळतो.

ज्यांचा घटस्फोट अजून व्हायचाय त्यांच्यासाठी: ऑस्ट्रेलियात बारा महिने वेगळं राहिलं की कारण न देता घटस्फोट मिळतो. पण लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल आणि नवरा भारतात बसून नाही म्हणत असेल, तर तो निकाल भारतात टिकेलच असं नाही. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा परदेशी निकालांवर कडक अटी घातल्या आहेत. भारतातला वकील आधी गाठा.

आता नक्कल. माझा घटस्फोट जिल्ह्याच्या कोर्टात झालेला, निकाल मराठीत. मी आणली होती झेरॉक्स, शिक्का अर्धा पुसलेला. आम्ही मार्चमधला शनिवार ठरवला, म्हणजे सुगी संपलेली आणि फूटी सुरू व्हायची. इथे लग्नाची नोटीस किमान एक महिना आधी द्यावी लागते, ती दिली. हॉल ठरला, बहिणीचं तिकीट काढलं. लग्न लावणाऱ्या बाई अतिशय गोड, पण म्हणाल्या, आधीचं लग्न संपल्याचा खरा कागद आणि त्याचं नाटी-मान्य (नाटी ही इथली भाषांतरकारांना मान्यता देणारी संस्था) भाषांतर पाहिल्याशिवाय मी लग्न लावूच शकत नाही. तिकडे फाईल रेकॉर्ड रूममध्ये, कारकून रजेवर, वकील फोन उचलेना. अकरा आठवडे गेले. बहिणीचं तिकीट बुडालं, रजा बुडाली, हॉलचे पैसे बुडाले, आणि तोवर फूटी सुरू झाल्याने शनिवार संपले. नोटीस अठरा महिने चालते, म्हणून तेवढी वाचली.

शेवटी जूनमधल्या एका रविवारी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, क्लबच्या खोलीत लग्न लागलं. बहीण फोनवर होती. कॅन्टीनमधल्या बायकांनी मसुराची आमटी ढवळली, आणि बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला. नकला मी आता चार काढून ठेवल्या आहेत. तुम्हीही निघायच्या आधी चार काढा.