जुन्या इंजिनात सिंथेटिक ऑइल घालताय? या चुका टाळा

"सिंथेटिक घातलं आणि दोन आठवड्यांत गाडी गळायला लागली." जुनी गाडी सांभाळणाऱ्या माणसांकडून हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. मी स्वतःही ते म्हटलेलं आहे. गळती खरी असते, ती ऑइल बदलल्यावर दिसली हेही खरं असतं. चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. बदलाच्या आधी इंजिनाची अवस्था काय होती हे कुणी नीट पाहिलेलं नसतं, त्यामुळे नंतर दिसलेलं सगळं नव्या ऑइलच्या नावावर जमा होतं.

या भीतीला थोडा इतिहासही आहे. १९७०च्या दशकात सिंथेटिक ऑइल गाड्यांसाठी बाजारात येऊ लागलं, तेव्हा काहींचं रबरी सीलशी जमत नसे. सिंथेटिक बेस ऑइलपैकी (म्हणजे ज्यापासून इंजिन ऑइल बनतं त्या मूळ तेलांपैकी) पीएओ प्रकारामुळे रबर किंचित आकसतं, तर एस्टरमुळे फुगतं. हा तोल सांभाळण्याचं तंत्र पुढे पक्कं झालं आणि आजच्या ऑइलमध्ये सील मऊ ठेवणारी रसायनं घातलेलीच असतात. म्हणजे आजचं ऑइल चांगलं सील खराब करत नाही. पण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेलं, चिरलेलं सील असेल आणि त्या चिरेत काळा गाळ बसून गळती थोपली असेल, तर नवं ऑइल तो गाळ हळूहळू धुऊन काढतं आणि चीर उघडी पडते.

न बघताच ऑइल बदलणं

बदलण्याच्या आधीचे ८-१० दिवस हातात ठेवा. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून थेंब येत असेल तर मागच्या क्रँक सीलचा (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) संशय घ्या. इंजिनाच्या वरच्या कडेवरून ओघळ असेल तर टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह हलवणारे भाग, झाकणाऱ्या कव्हरचं पॅकिंग. ते स्वस्तातलं काम आहे, आधीच उरकून घ्या. डिपस्टिकवरची पातळी किलोमीटरच्या आकड्यासह लिहून ठेवा. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर धूर येऊन थांबत असेल तर वॉल्व्ह सील, आणि वेग घेताना सतत निळा धूर येत असेल तर बहुधा पिस्टन रिंग. हजार किलोमीटरमध्ये लिटरभर ऑइल पिणारं इंजिन सिंथेटिकने सुधारत नाही. त्याला कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी हवी.

मग ऑइल भरायचं झाकण काढा आणि आत बॅटरीचा उजेड टाका. धातूवर तपकिरी पिवळट थर दिसला तर काळजी नको, जुन्या इंजिनात तो असतोच. पण बोट लावल्यावर काळ्या लोण्यासारखा थर निघाला तर तो स्लज, म्हणजे घट्ट गाळ. अशा इंजिनासाठी पुढचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

गाळ एकदम धुऊन काढण्याची घाई

नवं ऑइल घालण्याआधी इंजिन फ्लश करून घ्या, असा सल्ला हमखास मिळतो. गाळ कमी असेल तर फारसं बिघडत नाही. जास्त असेल तर फ्लश त्याचे तुकडे सोडवतो, ते चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी चोंदली की चेंबर भरलेलं असूनही बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाही. डिपस्टिक पातळी बरोबर दाखवते आणि आत क्रँक कोरडा फिरतो. म्हणून गाळ दिसत असेल तर चेंबर खोलून जाळी हाताने साफ करून घ्या. ते जमणार नसेल तर पहिले २-३ बदल लवकर लवकर, अर्ध्या अंतरावर करा आणि दरवेळी फिल्टर नवा घाला. इंजिन आपल्या गतीने स्वच्छ होऊ द्या.

गळती दिसली की ऑइललाच दोष देणं

माझ्या जुन्या गाडीत सिंथेटिक घातल्यावर मागच्या क्रँक सीलमधून थेंब यायला लागले. गॅरेजमध्ये उत्तर मिळालं, ऑइल पातळ आहे, परत मिनरल, म्हणजे साधं खनिज ऑइल घाला. घातलं. थेंब तसेच. मग गिअरबॉक्स उतरवून सील बदलायचं ठरलं. त्याआधी एका अनुभवी मिस्त्रींनी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणारा, पाइप काढून माझ्या हातात दिला आणि फुंकायला सांगितलं. हवा आरपार जातच नव्हती. आत काजळी आणि ऑइलचा दगडासारखा बोळा बसला होता. पाइप साफ केला, त्या वायूची वाट सांभाळणारा पीसीव्ही वॉल्व्ह नवा बसवला, आणि आठवड्याभरात पुठ्ठ्यावरचे थेंब जाऊन नुसता ओलसर डाग उरला. गिअरबॉक्स उतरवावाच लागला नाही.

कारण साधं आहे. जुन्या इंजिनात रिंगांच्या बाजूने थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो ब्रीदरमधून बाहेर पडला नाही तर आत दाब साचतो आणि जे सील सर्वात कमजोर, तिथून ऑइल बाहेर ढकलतो. पीसीव्ही असलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत हे घरी तपासता येतं. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा, ऑइलचं झाकण जपून काढा आणि त्या तोंडावर कागदाचा तुकडा धरा. कागद हलकेच आत ओढला गेला तर ठीक. वर उडत राहिला तर ऑइल बदलण्याआधी ब्रीदर बघा.

ग्रेड बदलणं आणि दोष सिंथेटिकला देणं

माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. गाडीत वर्षानुवर्षं २०डब्ल्यू-४० मिनरल चालत आलेलं असतं. सिंथेटिकच्या नावाखाली कुणीतरी ५डब्ल्यू-३० घालतं. मग टॅपेट वाजायला लागतात, गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकतो, आणि सगळे म्हणतात, सिंथेटिक पातळ असतं.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा, नंतरचा गरम इंजिनातल्या जाडीचा. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडच्या ऑइलची जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्समध्येच (हे जाडी मोजण्याचं एकक) बसावी लागते, मग ते मिनरल असो वा सिंथेटिक. ३० ग्रेडची ९.३ ते १२.५. म्हणजे ४०चं ४० ठेवलं तर गरम इंजिनाला जाडीत विशेष फरक जाणवत नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा २० वरून १० किंवा ५ झाला तर गार इंजिन सुरू होताना ऑइल वरपर्यंत लवकर पोचतं, आणि झीज बरीचशी त्याच क्षणांत होत असल्यामुळे हा खरा फायदा आहे. मॅन्युअलमध्ये गरमचा जो आकडा दिलाय, तो सोडू नका.

अगदी जुन्या, सपाट टॅपेटच्या इंजिनांसाठी आणखी एक गोष्ट. कॅम आणि टॅपेटची झीज रोखणारं झेडडीडीपी हे रसायन फॉस्फरसयुक्त असतं आणि फॉस्फरस धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. त्यामुळे २००४ साली आलेल्या एपीआय एसएम या (अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने ठरवलेल्या) दर्जाच्या वर्गापासून पेट्रोल गाड्यांच्या ३० आणि त्याहून पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर रोखला गेला. अशा इंजिनाला आधुनिक पातळ ऑइल घालू नका.

बाइकमध्ये कारचं ऑइल

बहुतेक बाइकमध्ये क्लच प्लेट त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं त्या प्लेटना घसरवतात. इंजिन ओरडतं, बाइक पुढे जात नाही. डब्यावर जासो (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए-२ लिहिलेलं हवं, एमबी नको.

'मिसळलं तर फाटतं' ही समजूत

मिनरल आणि सिंथेटिक एकत्र आल्यावर दुधासारखं फाटत नाही. सिंथेटिक म्हणून विकली जाणारी बरीच ऑइल मुळात खनिज तेलच असतात, फक्त हायड्रोजनच्या प्रक्रियेने फार शुद्ध केलेली. वाटेत पातळी कमी झाली तर जे मिळेल ते योग्य ग्रेडचं ऑइल घाला. कमी ऑइलवर गाडी पळवणं त्यापेक्षा कितीतरी वाईट.

बदलतानाची घाई

ऑइल नवं आणि फिल्टर जुना, असं करू नका. फिल्टर काढल्यावर इंजिनावरच्या गोल जागेवरून बोट फिरवा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी तिथेच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगांच्या फटीतून ऑइल जोरात बाहेर येतं, आणि या गळतीचा आळही सिंथेटिकवरच येतो. ड्रेन बोल्टचा वॉशरही नवा घ्या.

पहिल्या बदलालाच लांबचा पल्ला

सिंथेटिक जास्त टिकतं, हे खरंय. पण जुन्या इंजिनात ऑइल फक्त उष्णतेनेच थकत नाही. रिंगांच्या बाजूने उतरलेलं इंधन, काजळी आणि पाण्याची वाफ त्यात मिसळत राहते, आणि मिनरलसारखीच सिंथेटिकमधली रसायनंही त्यात खर्ची पडतात. पहिला बदल नेहमीच्या निम्म्या अंतरावर करा. ऑइल लवकर काळं पडलं तर घाबरू नका, ते गाळ उचलतंय. डिझेलमध्ये तर पहिल्याच दिवशी काळं होतं.

या काळात दर ३००-४०० किलोमीटरला, सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक बघा. टॅपेट नव्याने वाजू लागले तर आधी पातळी, मग ग्रेड, मग जाळी, या क्रमाने तपासा. आणि चालत्या गाडीत ऑइलचा दिवा पेटलाच तर पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ नका. बाजूला घ्या आणि इंजिन तिथेच बंद करा.