उतारावर लाटा उठत नाहीत? प्रयोगातल्या या चुका टाळा

जुलैच्या सरीत नागपूरच्या सेमिनरी हिल्सचा एखादा उतरता सिमेंट रस्ता पाहा. पाण्याचा पातळ थर एकसारखा वाहत नाही, आडव्या पट्ट्या एकामागून एक खाली धावतात. थर्माकोलचा मणी टाकला तर पट्टी त्याला मागे टाकून पुढे निघून जाते. हीच रोल वेव्ह. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हा सुरेख विषय आहे, पण पुढच्या चुकांनी तो हमखास फसतो.

'फ्रूड अंक १ झाला की लाटा येणार'

सगळ्यात मोठी चूक हीच. फ्रूड अंक म्हणजे सरासरी वेगाला गुरुत्व आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागून येणारा आकडा. तो १ च्या वर गेला की लहान लाट प्रवाहाविरुद्ध चढू शकत नाही, एवढंच. रोल वेव्हसाठी पाहायचं ते असं : थर जाड झाला की वेग किती वाढतो? त्या वाढीमुळे जाडीचा फुगवटा गुरुत्वलाटेच्याही पुढे धावू लागला की प्रवाह बिघडतो. म्हणून उंबरठा घर्षणाच्या नियमावर ठरतो. खळबळत्या पाण्यात घर्षणाच्या शेझी सूत्राने फ्रूड अंकाचा उंबरठा २, मॅनिंग सूत्राने १.५. पाण्याऐवजी काचेचे बारीक मणी खडबडीत तळावरून वाहवले तरी रोल वेव्ह उठतात, त्यांच्यासाठी मात्र सुमारे ०.६७.

संथ, पातळ थराला रेनॉल्ड्स अंक वापरा : सरासरी वेग आणि थराची जाडी यांच्या गुणाकाराला गतिक श्यानतेने (द्रवाच्या घट्टपणाचं माप, घनतेने भागलेलं) भागून येणारा आकडा. तो उताराच्या कोनाच्या कोटँजंटच्या ५/६ पटीपेक्षा मोठा हवा. २ अंशांच्या उतारावर हा उंबरठा २४ येतो. तो गाठायला १५ सेंमी रुंद काचेवर २५ अंश तापमानाला सेकंदाला सुमारे ३ मिलि पाणी पुरतं. थर जेमतेम अर्धा मिमी असतो, त्यामुळे काच तेलकट असेल तर पाणी फाटून धारा होतात. साबणाने धुवा, आधी पूर्ण ओली करा. आणि कोन नीट मोजा : २ ऐवजी १.५ अंश असेल तर उंबरठा ३२ वर जातो.

पाण्याचं तापमान न लिहिणं

नागपुरात ही चूक महागात पडते. डिसेंबरात २० अंशांचं पाणी मे महिन्यात गच्चीच्या टाकीतून ४० अंशांनी येतं आणि त्याची श्यानता जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. नळ तेवढाच उघडला तरी रेनॉल्ड्स अंक दीडपट. थर्मामीटर पाण्यातच ठेवा.

पंपाचे ठोके लाटा समजणं

पट्ट्या घड्याळासारख्या नियमित येत असतील आणि पंपाचा वेग बदलताच त्यांचं अंतरही बदलत असेल, तर ती लाट पंपाची. पाणी वर ठेवलेल्या, सतत ओसंडणाऱ्या टाकीतून सोडा, म्हणजे दाब एकसारखा राहतो. आपोआप उठलेल्या लाटा अनियमित असतात, खाली जाताना एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. त्यांना वाढायला लांबीही लागते. लांबी कमी असेल तर तोंडाशी छोटी फळी सेकंदाला एक-दोनदा हलवून मुद्दाम धक्का द्या.

काचमण्यांच्या घसरगुंडीवर

गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकवर मणी नुसते घसरतात. तेच मणी दुहेरी टेपने तळाला चिकटवा. मग वरून मणी सोडा, सोडायचं दार बंद करा आणि उतारावर थबकून राहिलेल्या थराची जाडी मोजा. वाहता थर तिच्या सुमारे पाचपट हवा, तेव्हाच उंबरठा ओलांडतो. २ मिमी उरला तर वाहता थर १ सेंमी. म्हणजे ३० सेंमी रुंदीला सेकंदाला जवळजवळ १ किलो मणी. २५ किलोची पिशवी अर्ध्या मिनिटात रिकामी. प्रवाह स्थिरावण्याआधीच मणी संपतात आणि मुलं 'लाटा आल्या नाहीत' असं लिहून मोकळी होतात.

पावसाळ्यात मणी दमट होऊन गुठळ्या धरतात, ते ओव्हनमध्ये वाळवून घ्या. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उलट त्रास : विद्युतभाराने ते बाजूच्या भिंतींना चिकटतात. भिंतींच्या आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून ती अर्थिंगला जोडा.

मण्यांऐवजी कन्हान नदीची रेती वापरणार असाल तर चाळणीने एका मापाची करा. मिसळ रेतीत जाड कण पुढे सरतात आणि आघाडीला बोटांसारखे फाटे फुटतात. हे फाटे म्हणजे रोल वेव्ह नव्हेत.