पिकलबॉलचा सामना बघताना कधी बोलावं, कधी गप्प राहावं

पिकलबॉल म्हणजे पॅडलने (छोट्या, सपाट बॅटने) चेंडू जाळ्यापलीकडे मारायचा, टेनिससारखा खेळ. त्याचं कोर्ट अवघं 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद. प्रेक्षक बऱ्याचदा कोर्टाच्या अगदी कडेला असतात, त्यामुळे साधी कुजबुजही खेळाडूंच्या कानावर पडते. शिवाय या खेळात बरंच काही तोंडी चालतं. दुहेरीत सर्व्हिसआधी ‘चार-दोन-एक’ असा गुणांचा पुकारा होतो: आपले गुण, समोरच्यांचे गुण आणि सर्व्हर पहिला की दुसरा. तो नीट ऐकू गेला नाही की वाद होतात. पुकाऱ्यानंतर 10 सेकंदांत सर्व्हिस करावी लागते. तेव्हा पुकारा सुरू होताच आवाज बंद, रॅली (सर्व्हिसपासून गुण ठरेपर्यंतचा खेळ) संपली की हव्या तितक्या टाळ्या.

सगळ्यात जास्त घोळ ‘आउट’ या शब्दाने होतो. चेंडू हवेत असतानाच जोडीदार ‘आउट’ किंवा ‘सोड’ ओरडून सावध करतो. तोच शब्द बाहेरून आला तर खेळाडू चांगला चेंडू सोडून देतो आणि गुण हकनाक जातो. पंच नसलेल्या सामन्यात चेंडू ज्यांच्या बाजूला पडला, त्यांनीच निर्णय द्यायचा असतो. प्रेक्षकांना विचारायचं नसतं. म्हणून तुम्हाला कितीही स्पष्ट दिसलं असलं तरी बोलू नका, हातानेही खुणावू नका. तिरक्या कोनातून रेषा फसवते, हेही लक्षात असू द्या.

जल्लोषाचीही घाई नको. समोरच्याच्या डोक्यावरून मारलेला उंच फटका, म्हणजे लॉब, आता परत येत नाही असं वाटतं, आपण ओरडतो आणि मागे धावलेला खेळाडू तो परत मारतो! चेंडू दुसऱ्यांदा टप्पा खाईपर्यंत थांबा. समोरच्याची सर्व्हिस जाळ्यात गेली म्हणून टाळ्या वाजवणं तर अगदीच वाईट दिसतं.

पॅडलवरचा ‘टॉक’ आवाज ऐकून फटका हलका की जोरकस, याचा अंदाज खेळाडूंना येतो. बंदिस्त हॉलमध्ये आवाज घुमतो, त्यामुळे तिथे भोंगे, शिट्ट्या नकोतच. फोन सायलेंटवर, फ्लॅश बंद. सल्ला द्यायचाच असेल तर टाइम-आउटमध्ये किंवा दोन गेमच्या मधे, तोही स्पर्धेचे नियम पाहून.

कोर्टामागून जायचं असेल तर रॅली संपू द्या. शेजारच्या कोर्टावरचा चेंडू तुमच्यापाशी आला तर लगेच फेकू नका, हातात धरून ठेवा. मात्र तो खेळाडूच्या पायाखाली येत असेल तर बेधडक ‘बॉल!’ ओरडा. रॅली पुन्हा खेळता येते, मुरगळलेला घोटा मात्र लवकर बरा होत नाही.